श

नाव ठेवलं तेव्हा माहीत नव्हतं.
शर्वरी.
पंचांग बघून नाही, छापखान्यात
एका पत्रिकेवर वधूचं नाव वाचलं होतं,
श-ची गाठ आवडली होती मला.

चौबळबाई म्हणाल्या, श सगळ्यात वरचा आवाज,
पातळ, वाऱ्यासारखा.
म आधी येईल. आ येईल, ऊ येईल.
स आणि श यायला वेळ लागतो.
म्हणजे माझ्या मुलीला तिचं नाव
पहिलं अक्षर गाळून ऐकू येणार,
पहिला फर्मा न लागलेल्या पुस्तकासारखं.

मशीन चालू केलं त्या दिवशी ती रडली नाही.
कानामागे हात नेला,
मग टेबलाखाली वाकून पाहिलं,
कोण आहे.

तेव्हापासून परळ, दर मंगळवारी आणि शुक्रवारी.
गालाशी लाकडी ठोकळा धरून ती थांबते.
बाई तोंडापुढे भरतकामाची चौकट धरतात,
काळं कापड ताणलेली.
आ. ठोकळा डब्यात.
ऊ. ठोकळा डब्यात.
म. डब्यात.
श.
ठोकळा गालाशीच.

"घरात कोण जास्त बोलतं?" बाईंनी विचारलं.
बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही.
त्यातच उत्तर आलं.

कटिंग मशीनवर मी एकोणीस वर्षं.
पातं खाली येतं तेव्हा बोलायचं नसतं,
बोटं मोजायची असतात.
आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं,
दिवसाला चार हजार वेळा हाताखालून जायचं
आणि घरी येऊन मी म्हणायचो,
वाढ.

तर सुरू केलं.
भांडुपच्या टेकडीवर आमची खोली, एकशे बारा पायऱ्या.
पायरी. अजून एक पायरी. ही तुटकी, जपून.
मांजर बसलंय. मांजर गेलं. कुठे गेलं?
पाणी आलं. हंडा भरला. हंडा जड, आई गं.
मेथी. हे पान, हा देठ. देठ टाकू.
शेजारचा कुकर. ऐकलंस? (कानाला बोट.)
एक शिट्टी. थांब. थांब.
दोन.
कोरगावकर खिडकीतून डोकावले, कोणाशी बोलताय?
ती झोपली होती
आणि मी सांगत होतो, भिंत. पांढरी भिंत. ओल आलीय.

खेळताना चुंबक निसटतो, कपाटाला चिकटतो.
लगेच काढू नका, बायको म्हणते,
कपाटालाही ऐकू दे थोडं,
लग्नापासून उभं आहे बिचारं.
आम्ही हसतो.
हे असं मोठ्यानं हसणंही नवीनच.

पतपेढीचे हप्ते अजून एकतीस.
बॅटरी लावली का चार्जिंगला,
हे आता आमचं दिवेलागणीचं शुभं करोति.

मला ती बा म्हणते. पाण्याला पा.
स्वतःला अव्वली.
नीट कधी बोलणार, नातेवाईक विचारतात.
ऐकायला लागून चौदा महिने झालेत,
चौदा महिन्यांचं बाळ किती बोलतं?
हा बाईंचा हिशेब मी सगळ्यांना सांगतो.
पुन्हा रात्री मनातल्या मनात ताळा करून बघतो.

काल झोपायच्या वेळी
मी आपला सांगत होतो,
उशी. मऊ उशी. पंखा फिरतोय, गर्रर्र.
चादर निळी. चादर तुझी. पाय आत घे.
खाली कुत्रा भुंकला, का बरं भुंकला असेल,
भूक लागली असेल का त्याला, उद्या आपण त्याला

ती उठून बसली.
माझ्या ओठांवर बोट ठेवलं.
श्श्श्.

मंगळवारी बाईंना सांगेन.
त्या म्हणतील, छान, आता ठोकळा काय म्हणतो पाहू.
त्यांचं बरोबर आहे.

तिनं स्वतःच चुंबक काढला, डबीत ठेवला,
कूस बदलली.
मी अंधारात बसून राहिलो गप्प.
गप्प तर आयुष्यभर बसलो होतो.
कोणी सांगितलं म्हणून,
हे पहिल्यांदा.